हवेचे यंत्र आणि विजेचे बिल : दहा मिनिटांत करायचा हिशेब

थंडी सुरू झाली की आमच्या शाखेत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, घरात एअर प्युरिफायर लावला तर विजेचे बिल किती वाढेल?" प्रश्न विजेचा असला तरी तो बँकेतच विचारला जातो, कारण उत्तरावर पुढचे बरेच काही ठरते. यंत्र घ्यायचे की नाही, रोख घ्यायचे की हप्त्यावर, आणि घेतलेच तर ते चालवायचे की कपड्याने झाकून ठेवायचे, हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते.

माझी शाखा कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या काठी, बजबजला आहे. सियालदाहून निघालेल्या लोकल गाडीचे हे शेवटचे स्थानक. काठाने ताग गिरण्या, तेल कंपन्यांच्या साठवण टाक्या आणि जवळच पुजालीला ७५० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र. चंद्रपूर, परळी किंवा कोराडीच्या वाचकांना हे चित्र वेगळे सांगायला नको. अशा गावात थंडीच्या सकाळी नदीवरचे धुके आणि धूर वेगळे ओळखता येत नाहीत. वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि तिच्यातले सूक्ष्म कण वर निघून जात नाहीत. म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने श्वासाचा त्रास असलेल्या घरांना जड जातात.

या लेखात आपण यंत्राच्या खर्चाचा पूर्ण हिशेब मांडणार आहोत. त्याआधी एक घडलेली गोष्ट सांगतो. व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि विजेचे दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात धरले आहेत.

ठेव मोडायला आलेल्या माशिमा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक वयस्क बाई मुदत ठेवीची पावती घेऊन आल्या. आपल्याकडे मावशी म्हणतात तसे इथे माशिमा म्हणतात. पंचवीस हजारांची ठेव, मुदत संपायला पाच महिने बाकी. ठेव मोडायची होती.

"माशिमा, एवढी घाई कशाची?" मी विचारले.

त्यांनी पिशवीतून विजेची दोन बिले काढून टेबलावर ठेवली. नोव्हेंबरचे ८४ युनिटचे, जानेवारीचे १३८ युनिटचे. डिसेंबरात मुलगी आणि पाच वर्षांचा नातू राहायला आले होते. नातवाला दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांशी बोलून मुलीने बारा हप्त्यांवर एअर प्युरिफायर घेतला होता. महिनाभर तो रात्रभर चालला. मग जानेवारीचे बिल आले. त्या दिवसापासून माशिमा मूल झोपले की यंत्र बंद करत होत्या. आता ठेव मोडून उरलेले हप्ते एकदम भरायचे आणि यंत्र विकून टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते.

"रात्री खोकतो का?" मी विचारले.

"खोकतो. पण बिल भरायचे कुणी?"

मी त्यांना यंत्राच्या मागचा आकडा विचारला. मुलीला फोन लावून त्यांनी तो मिळवला. यंत्र मधल्या वेगावर ३० वॅट वीज घेत होते आणि रात्री दहा तास चालत होते. मी कागदावर मांडले :

३० वॅट × १० तास = ३०० वॅट-तास = ०.३ युनिट रोज
०.३ × ३० दिवस = महिन्याला ९ युनिट

बिल मात्र ५४ युनिटने वाढले होते. मग उरलेले ४५ युनिट कुठे गेले?

"मुलगी आल्यापासून घरात आणखी काही नवे लागले का?" त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "पाणी तापवायचा रॉड. लेकराला गार पाण्याने आंघोळ कशी घालणार?"

रॉड दीड हजार वॅटचा होता. तीन माणसांचे पाणी तापायला दिवसाला सगळा मिळून एक तास. म्हणजे रोज दीड युनिट आणि महिन्याला ४५. नऊ आणि पंचेचाळीस, चोपन्न. हिशेब जुळला.

बिल वाढवले होते प्रामुख्याने रॉडने, आणि शिक्षा झाली होती यंत्राला. किंबहुना त्या लेकराला. घरात एकाच महिन्यात दोन नव्या वस्तू आल्या की जी महाग असते, जिच्यावर दिवे लागतात आणि जी रात्रभर घुं-घुं आवाज करते, तिच्यावर संशय जातो. बादलीतला रॉड कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

युनिट म्हणजे काय आणि ते कसे मोजायचे

विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर लागणारी वीज. सूत्र एवढेच :

वॅट × तास ÷ १००० = युनिट

घरगुती एअर प्युरिफायरमध्ये मुख्यतः एक पंखा आणि एक दाट गाळणी असते. त्यात तापवणारी तार नसते, एसीसारखा कॉम्प्रेसरही नसतो. म्हणून त्याची भूक लहान असते. साध्या खोलीसाठी मिळणारी बरीच यंत्रे कमी वेगाला १० वॅटच्या आसपास, मधल्या वेगाला २० ते ३० आणि पूर्ण वेगाला ४० ते ६० वॅट घेतात. खोकी किंवा माहितीपत्रकावर सहसा पूर्ण वेगाचाच आकडा छापलेला असतो, हे लक्षात ठेवा.

वाढीव युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याचा खर्च असा येतो :

- १० वॅट, रोज १० तास : ३ युनिट, २४ रुपये
- ३० वॅट, रोज १० तास : ९ युनिट, ७२ रुपये
- ५० वॅट, रोज १० तास : १५ युनिट, १२० रुपये
- ५० वॅट, रोज २४ तास : ३६ युनिट, २८८ रुपये

तुलनेसाठी दोन गोष्टी. दोन हजार वॅटचा गिझर पंधरा मिनिटे चालला की अर्धा युनिट जातो. तेवढ्याच विजेवर ५० वॅटचे यंत्र दहा तास चालते. आणि छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, म्हणजे मधल्या वेगावरच्या यंत्राच्या अडीचपट. यंत्राची खरी गरज थंडीत असते आणि थंडीत पंखा बंद असतो. रोज दहा तास फिरणारा जुना पंखा थांबला की महिन्याला साडेबावीस युनिट वाचतात, यंत्राचे नऊ लागतात. म्हणजे यंत्र चालवूनही थंडीचे बिल उन्हाळ्याच्या बिलाइतके होत नाही. वर आणखी काही लागले नसेल, तर.

दर कोणता धरायचा : सरासरी नव्हे, वरच्या टप्प्याचा

इथे बहुतेकांची चूक होते. बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट करून लोक सरासरी दर काढतात. पण घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पश्चिम बंगालमध्ये असे टप्पे आहेत, महाराष्ट्रातही आहेत. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. नवे उपकरण जे युनिट वापरते ते नेहमी वरून चढतात. म्हणून त्याला सगळ्यांत वरच्या टप्प्याचा दर लावायचा.

माशिमांचे उदाहरण घेऊ. समजा पहिल्या १०० युनिटला ६ रुपये आणि पुढच्या प्रत्येक युनिटला ८ रुपये दर आहे.

- ८४ युनिट : ८४ × ६ = ५०४ रुपये
- १३८ युनिट : १०० × ६ + ३८ × ८ = ९०४ रुपये

बिल ४०० रुपयांनी वाढले. आता यातले काय बंद केले तर किती वाचेल ते पाहा. फक्त यंत्र बंद केले तर ९ युनिट कमी होतात, ७२ रुपये वाचतात. फक्त रॉड बंद केला तर ४५ युनिट कमी होतात, बिल ९३ युनिटवर येते आणि ३४६ रुपये वाचतात. रॉड पूर्ण बंद न करता निम्माच वेळ लावला, तरी २२ युनिट म्हणजे १७६ रुपये वाचतात. यंत्राच्या महिन्याच्या विजेच्या दुपटीहून हे जास्त आहे.

बिलावरचे इतर आकारही पाहायला हवेत. स्थिर आकार युनिटवर अवलंबून नसतो, तो यंत्र लावले म्हणून वाढत नाही. वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मात्र युनिटमागे लागतात, आणि महाराष्ट्रात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्कही आहे. तेव्हा वरच्या टप्प्याच्या वीज आकारात हे मिळवूनच आपला वाढीव युनिटचा दर ठरवा. बिल महिन्याचे आहे की तीन महिन्यांचे, हेही बघा. राज्य वीज कंपनीचे घरगुती बिल पश्चिम बंगालमध्ये तिमाही असते. तीन महिन्यांचे आकडे एका महिन्याचे समजून घाबरणारे ग्राहक मी पाहिले आहेत.

घरच्या मीटरवर खात्री करून घ्या

छापील वॅटवर विश्वास नसेल तर स्वतः मोजता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेले असते. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो.

घरातले बाकी सगळे बंद करा, फ्रिजसुद्धा दहा मिनिटांसाठी. फक्त यंत्र चालू ठेवा आणि दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या आकड्याला ६ ने गुणा म्हणजे तासाचा आकडा मिळेल. त्याला ३२०० ने भागून १००० ने गुणले की वॅट निघतात. दहा मिनिटांत १६ वेळा लुकलुकला, तर यंत्र ३० वॅट घेत आहे. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर तो घ्या.

हाच प्रयोग रॉड लावून करून पाहा. दीड हजार वॅटला दिवा दहा मिनिटांत ८०० वेळा लुकलुकतो. मोजता मोजता थकाल, पण बिल कुठून येते ते कायमचे लक्षात राहील.

वीज हा खर्चाचा लहान वाटा आहे

आता पूर्ण हिशेब. समजा यंत्राची किंमत १०,००० रुपये आहे आणि ते पाच वर्षे टिकेल. गाळणी वर्षातून एकदा बदलावी लागते आणि ती २,४०० रुपयांना मिळते. यंत्र थंडीचे चार महिने, रोज दहा तास, ३० वॅटवर चालते. तर एका वर्षाचा खर्च :

- यंत्राचा वार्षिक वाटा : २,००० रुपये
- गाळणी : २,४०० रुपये
- वीज : ३६ युनिट × ८ = २८८ रुपये
- एकूण : ४,६८८ रुपये

शंभर रुपयांतले जेमतेम सहा रुपये विजेचे आहेत. वर्षभर, चोवीस तास, पूर्ण वेगावर यंत्र ठेवले तर मात्र चित्र बदलते. ५० वॅटने वर्षाचे ४३८ युनिट होतात आणि ३,५०४ रुपये लागतात. गाळणीही लवकर भरते. पण घरात तसे चालवायची गरज क्वचितच असते.

यातून खरेदीचा एक साधा नियम निघतो. दुकानात यंत्राची किंमत विचारण्याआधी गाळणीची किंमत विचारा. ती किती तासांनी बदलावी लागते, गावात किंवा घरपोच मिळते का, आणि त्या मॉडेलची गाळणी पुढेही मिळत राहील का, तेही विचारा. दोन हजारांनी स्वस्त यंत्राची गाळणी वर्षाला हजाराने महाग असेल, तर तिसऱ्या वर्षापासून ते यंत्र महाग पडू लागते.

माशिमांसारखी माणसे विजेचे ७२ रुपये वाचवायला यंत्र बंद ठेवतात. पण यंत्राचे दोन हजार तर खर्च होऊनच गेलेले असतात, ते बंद ठेवून परत मिळत नाहीत. एकदा घेतलेले यंत्र गरजेच्या रात्री बंद ठेवणे ही बचत नव्हे. सगळ्यांत महाग भाग आधीच भरून झालेला असताना सगळ्यांत स्वस्त भागासाठी हात आखडणे, असे ते होते.

'बिनव्याजी' हप्ते

यंत्र हप्त्यावर घेण्याआधी रोखीची किंमत विचारा. समजा छापील किंमत १०,००० आहे आणि रोख दिल्यास ५०० रुपये सूट आहे. हप्त्यावर घेतले तर सूट नाही, बारा हप्ते मिळून १०,००० रुपये, शिवाय प्रक्रिया शुल्क १९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २३५ रुपये. रोख घेणाऱ्याचे ९,५०० गेले, हप्तेवाल्याचे १०,२३५. फरक ७३५ रुपयांचा. हप्ते फिटत जातात तशी बाकी रक्कम कमी होत जाते. ते लक्षात घेतले तर हा फरक वर्षाला सुमारे १४ टक्के व्याजाइतका पडतो.

रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना याबाबत बजावले होते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याज कुठल्यातरी शुल्कात किंवा किमतीत दडलेले असते, हा त्या सूचनेचा आशय होता.

घाई नसेल तर दुसरा रस्ता आहे. थंडी संपली की फेब्रुवारीत नऊ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. महिन्याला १,०५० रुपये भरले आणि व्याज ६ टक्के धरले, तर हातात सुमारे ९,६८० रुपये येतात. पुढची थंडी सुरू होताना यंत्र रोखीने घेता येते. यंत्र आले की दरमहा २०० रुपयांची दुसरी आवर्ती ठेव फक्त गाळणीसाठी ठेवा. गाळणीचा खर्च एकदम अंगावर येतो म्हणून लोक जुनीच गाळणी दोन-दोन वर्षे चालवतात. यंत्र फिरत राहते, वीज जात राहते, हवा मात्र पुरेशी स्वच्छ होत नाही.

मूल आजारी असेल तर नऊ महिने थांबणे शक्य नसते, हे मान्य. अशा वेळी चालू ठेव मोडण्याआधी त्या ठेवीवर कर्ज मिळते का ते बँकेत विचारा. ते साधारणपणे ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळते. मुदतीआधी ठेव मोडली तर बहुतेक बँका व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात, आणि तो दरही मूळ ठरलेला नसतो. ठेव प्रत्यक्ष जितके दिवस राहिली त्या मुदतीचा असतो. दोन्ही आकडे शेजारी मांडून मगच सही करा.

कमी विजेत जास्त स्वच्छ हवा

यंत्र खोलीच्या मापाचे हवे. खोक्यावर 'सीएडीआर' नावाचा आकडा असतो. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते तो सांगतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटरची असते. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले तर १७० चा आकडा पुरे. फार लहान यंत्र घेतले तर ते सतत पूर्ण वेगावर आवाज करत राहते. थोडे मोठे यंत्र मधल्या वेगावर तेच काम शांतपणे करते.

यंत्र एकाच खोलीत ठेवा, जिथे आजारी माणूस किंवा मूल झोपते. झोपण्याआधी अर्धा तास दार-खिडक्या लावून वेगाने चालवा, नंतर वेग कमी करा. दार उघडे ठेवून सगळे घर स्वच्छ करायला जाल तर धड कुठलीच खोली स्वच्छ होणार नाही. मात्र ज्या खोलीत शेगडी, कोळसा किंवा गॅस जळत असेल ती कधीही बंद करून बसू नका. यंत्र कण गाळते, कार्बन मोनॉक्साइड गाळत नाही.

घरातला धूर आधी थांबवा, ते फुकट आहे. बंगाली घरांत तिन्हीसांजेला नारळाच्या शेंड्यांवर धुनो जाळतात, आपल्याकडे धूप-उदबत्ती असते, आणि दोन्हीकडे डासांची कॉइल. हे सगळे त्याच खोलीत करून वर यंत्र लावणे म्हणजे गाळणीचे पैसे जाळणे. धूप अंगणात किंवा गॅलरीत दाखवा, डासांसाठी मच्छरदाणी लावा. मोहरीच्या तेलात मासे तळताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि झोपायच्या खोलीचे दार बंद ठेवा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

बाहेरची जाळी पंधरवड्यातून एकदा साफ करा. आतली दाट गाळणी मात्र माहितीपत्रकात तसे लिहिले नसेल तर धुऊ नका. भरलेल्या गाळणीतून हवा कमी येते, मग आपण वेग वाढवतो आणि वीज जास्त जाते.

कोणत्या दिवशी यंत्र लावायचे हे ठरवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे मोबाइल ॲप आहे. हवेचा निर्देशांक १०० पर्यंत असेल तर हवा समाधानकारक मानतात. २०० च्या वर गेली की 'खराब', ३०० च्या वर 'अति खराब'. निरोगी घराने हवा समाधानकारक असेल त्या दिवशी खिडकी उघडावी आणि यंत्राला विश्रांती द्यावी. दमा, हृदयविकार किंवा तान्हे मूल असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे. तिथे बँकेच्या माणसाचा सल्ला चालत नाही.

रिकाम्या खोलीत यंत्र चालू ठेवू नका, हेही सांगायला हवे. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. वरच्या हिशेबातल्या ३६ युनिटमागे पंचवीसेक किलो. आपल्या खोलीतली हवा स्वच्छ होते ती दुसऱ्या कुणाच्या तरी हवेत धूर सोडून. बजबजमध्ये तो दुसरा कुणी दूर नसतो.

बिल हातात घेऊन करायच्या पाच गोष्टी

१. मागच्या वर्षीच्या याच महिन्याचे बिल शोधा. उन्हाळ्याच्या बिलाशी थंडीच्या बिलाची तुलना करू नका.
२. किती युनिट वाढले ते पाहा. रुपये नंतर.
३. घरात त्या काळात आलेल्या सगळ्या नव्या वस्तू लिहा. वाढलेली माणसेही लिहा.
४. प्रत्येकीचे वॅट × तास ÷ १००० करा. बेरीज वाढलेल्या युनिटशी जुळते का बघा.
५. जुळली नाही तर मीटरचे वाचन बिलाशी ताडून पाहा आणि फरक असल्यास वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा.

माशिमांच्या ठेवीचे काय झाले

ती मोडली नाही. हप्ते मुलीच्या पगारातून जात होते, ते तसेच चालू राहिले. रॉड पूर्वी सकाळी लावला की माशिमा पूजेला बसत आणि उठेपर्यंत पाणी कढत होऊन जाई. आता पाणी कोमट झाले की नातू धावत जाऊन सांगतो आणि त्या रॉड काढतात. नातवाने रॉडला हात लावायचा नाही, फक्त ओरडायचे, असा घरात नियम आहे.

मार्चच्या सुरुवातीला त्या फेब्रुवारीचे बिल दाखवायला आल्या. ११३ युनिट. यंत्र रात्रभर चालत होते. मुलाचा खोकला औषधाने कमी झाला की यंत्राने, ते मी सांगू शकत नाही, आणि त्यांनीही ते विचारले नाही. त्यांनी विचारले ते वेगळेच.

"गाळणीसाठी दर महिन्याला दोनशे भरायचे ते खाते आजच उघडता येईल का?"

उघडून दिले.